साठेखताचा हक्क पुढे विकायचा असेल तर: कायद्यात राहून करायची कृती

नाशिकभोवतीच्या जमिनींना भाव आला तसा एक व्यवहारही वाढला. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी फाटा, समृद्धी महामार्गालगतचा सिन्नर-इगतपुरीचा पट्टा, सगळीकडे त्याची रीत एकच. शेतकऱ्याला विसार द्यायचा, सहा महिने किंवा वर्षभराच्या मुदतीचं साठेखत करून घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत तोच सौदा चढ्या दराने दुसऱ्याला द्यायचा. खरेदीची पूर्ण रक्कम न भरता मधला फरक आपला.

हे कायद्याला धरून आहे का? आहे, पण तीन गोष्टी पाळल्या तरच. जे तुमच्या मालकीचं आहे तेवढंच विका, मूळ मालकाला आणि नव्या घेणाऱ्याला सगळं माहीत असू द्या, आणि प्रत्येक रुपया कागदावर येऊ द्या. यातली एक जरी सुटली तरी हाच व्यवहार कोर्टात न टिकणारा कागद ठरतो, आयकर खात्याची नोटीस आणतो किंवा फसवणुकीच्या फिर्यादीपर्यंत जातो. खालची कृती त्या तीन गोष्टी पाळण्यासाठी आहे.

आधी हे पक्कं करा: तुमच्या हातात काय आहे

साठेखत झालं म्हणजे जमीन आपली झाली, असं समजून लोक बोलतात आणि तिथेच पहिली चूक होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण होत नाही. मालकी मिळते ती नोंदवलेल्या खरेदीखतानेच. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी फिरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात निक्षून सांगितलं.

मग साठेखताने मिळतं काय? ठरलेली बाकी देऊन खरेदीखत करून मागण्याचा हक्क. हा हक्क पुढे देता येतो. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम १५ प्रमाणे कराराच्या पक्षकाराचा हक्क ज्याच्याकडे आला आहे, तोही करारपूर्तीचा दावा लावू शकतो. याला दोन मुख्य अपवाद आहेत. करारातच हक्क पुढे देण्याला मनाई असेल, किंवा त्या विशिष्ट माणसाची ऐपत, कसब वा गुण बघूनच करार झाला असेल, तर हा मार्ग एरवी बंद असतो.

दुसरी मर्यादा १९६२ च्या खर्डा कंपनी विरुद्ध रेमन या तागाच्या सौद्यावरच्या निकालात स्पष्ट झाली. हक्क पुढे देता येतात, जबाबदारी मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. साठेखतात घेणाऱ्याची सर्वांत मोठी जबाबदारी म्हणजे बाकी रक्कम देणं. त्यामुळे शेतकऱ्याची सही नसेल, तर नवा माणूस आला तरी बाकीचा तगादा तुमच्याच मागे राहतो.

पायरी १: ही जमीन अशा सौद्यात बसते का ते तपासा

विसाराचा चेक लिहिण्याआधी सातबारा, आठ-अ, गेल्या तीस वर्षांचे फेरफार, गट नकाशा आणि झोन दाखला हातात घ्या. सातबाऱ्यावर पुढच्या गोष्टी शोधा.

भोगवटादार वर्ग. वर्ग-२ किंवा नवीन अविभाज्य शर्तीची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा जमिनीचा नुसता हक्क फिरवत राहणं म्हणजे तीन माणसांना एकाच वादात ओढणं.

आदिवासी खातेदार. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत हा प्रश्न पावलोपावली येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला शासनस्तरापर्यंतची मंजुरी लागते. ती नसेल तर हा सौदा करूच नका. हा कायदा त्या माणसाची जमीन वाचवण्यासाठी आहे, त्यातून पळवाट काढून नफा कमावणं गैर आहे.

शेतकरी असल्याचा पुरावा. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. तुम्ही शेतकरी असाल, पण ज्याला हक्क देणार तो नसेल, तर खरेदीखत तिथेच अडतं. जमिनीचा झोन बदलला असेल किंवा ती बिनशेती झाली असेल, तर वेगळे नियम लागतात.

क्षेत्र. तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी अडते. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे हे मान धरलं जातं. नंतरही सवलती आल्या आहेत, म्हणून आजची स्थिती तहसीलमधून विचारून घ्या.

हिस्सेदार. सातबाऱ्यावर नाव भावांचं असतं, पण वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचाही हिस्सा असतो. त्यांची सही साठेखताच्या वेळीच घ्या. खरेदीच्या दिवशी धावपळ करून ती मिळेल या भरवशावर राहू नका.

पायरी २: हक्क पुढे देण्याचं कलम साठेखतातच लिहा

पुढे विकायचा विचार असेल तर तो पहिल्याच दिवशी शेतकऱ्याला सांगा आणि लिहून घ्या. कलम असं लिहिता येईल:

“लिहून घेणार यांना या साठेखताखालील आपले सर्व हक्क त्यांच्या पसंतीच्या व्यक्तीच्या नावे मोबदला घेऊन किंवा न घेता हस्तांतरित करण्याचा अधिकार राहील. अशा हस्तांतराची लेखी सूचना ते लिहून देणार यांना पंधरा दिवसांत देतील. हस्तांतरामुळे लिहून देणार यांना मिळावयाची रक्कम व तिची मुदत यांत कोणताही बदल होणार नाही. लिहून घेणार यांस मिळणाऱ्या जादा रकमेवर लिहून देणार यांचा हक्क राहणार नाही, ही बाब त्यांना समजावून सांगितली असून ती त्यांना मान्य आहे.”

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ते वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा, शक्य असेल तर शेतकऱ्याच्या मुलामुलींसमोर सांगा. जमीन आज या दराला जात आहे आणि उद्या हाच माणूस जास्त दराने देऊ शकतो, हे कळूनही शेतकऱ्याने सही केली तर तुमचा नफा स्वच्छ आहे. रिंग रोडची आखणी माहीत असताना “इथून काही जाणार नाही” असं सांगून सही घेतली असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७ आणि १९ प्रमाणे तो करार शेतकऱ्याला रद्द करून मागता येतो. बाजार ओळखून नफा कमावणं हा व्यापार झाला, खोटं सांगून कमावणं ही फसवणूक आहे.

कलमच नसेल तरी हक्क पुढे देता येतो, पण तो वादाला खुला राहतो. आणि “लिहून घेणार यांनी हक्क तिऱ्हाइतास देऊ नयेत” असं वाक्य मसुद्यात असेल, तर सही करण्याआधी ते बदलून घ्या.

पायरी ३: मुद्रांक भरा आणि साठेखत नोंदवा

स्टॅम्प पेपरवर विसार पावती करून कपाटात ठेवायची सवय सोडा. किमान रकमेचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा झाला आहे, पण फक्त किमान स्टॅम्प लावल्याने साठेखताचं मुद्रांक शुल्क भरलं जात नाही.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ खाली, साठेखतात ताबा दिला असेल किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तर तो दस्त खरेदीखतासारखाच धरला जातो आणि पूर्ण शुल्क लागतं. तुमचा हेतू हक्क पुढे देण्याचा असेल तर ताबा शेतकऱ्याकडेच राहू द्या आणि मसुद्यात तसं स्पष्ट लिहा. ताबा घेतलाच आणि पूर्ण शुल्क भरलंच, तर ती रक्कम पुढच्या माणसाच्या खरेदीखतात आपोआप वळती होईल असं धरून चालू नका. शंका असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन अभिनिर्णय करून घ्या.

कमी मुद्रांकाचा दस्त पुराव्यात घेतला जात नाही. तो वापरायचा तर बुडालेलं शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरावा लागतो, आणि हा दंड चौपटीपर्यंत जाऊ शकतो.

दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला दिला पाहिजे. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. ही रक्कम वाचवण्याचा मोह टाळा. नोंदलेलं साठेखत सूची क्रमांक दोनमध्ये दिसतं, म्हणजे जगाला त्याची जाहीर सूचना मिळते. शेतकऱ्याने मधेच ती जमीन दुसऱ्याला खरेदी दिली, तर त्या घेणाऱ्याला “मला माहीतच नव्हतं” म्हणायला जागा राहत नाही. साठेखत नोंदलेलं नसेल, तर प्रामाणिकपणे आणि पूर्ण मोबदला देऊन घेणाऱ्याविरुद्ध तुमचा करारपूर्तीचा दावा टिकणं अवघड.

पायरी ४: विसार बँकेतून द्या

जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत घ्यायला १ जून २०१५ पासून बंदी आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूच्या आर.बी.ए.एन.एम.एस. संस्थेच्या प्रकरणात निर्देश दिला की दाव्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं सांगितलं असेल, तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवावं. नोंदणीला येणाऱ्या दस्तात तसं दिसलं तर दुय्यम निबंधकानेही कळवायचं आहे. त्या प्रकरणात साठेखतवाल्यांनी ७५ लाख रोख दिल्याचं म्हटलं होतं. नुसत्या साठेखताच्या जोरावर तिऱ्हाइताविरुद्ध दावा चालत नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितलं.

पायरी ५: नव्या घेणाऱ्याला सगळे कागद दाखवा

जाहिरातीत आणि बोलण्यात “माझी जमीन विकायची आहे” असं म्हणू नका. “या गटाचं नोंदणीकृत साठेखत माझ्या नावे आहे, त्याखालचा हक्क द्यायचा आहे” असं म्हणा. पहिल्या वाक्याने तुम्ही मालक असल्याचं खोटं सांगता. दुसऱ्याने खरं सांगता, आणि खरं कळल्यावरही घेणारा मिळतो.

त्याच्या हातात द्यायचे कागद: साठेखताची प्रत आणि सूची क्रमांक दोन, विसाराच्या बँक नोंदी, सातबारा-फेरफार, वकिलाचा शोध अहवाल. मूळ दर त्याच्यापासून लपत नाही, कारण तो साठेखतातच आहे. फरक किती घेता तेही सांगा. नव्या घेणाऱ्याने आपल्या परीने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करावं, चावडीवर एखादा फेरफार चालू आहे का ते पाहावं, ई-कोर्टवर पक्षकारांची नावं घालून दावे तपासावेत आणि गावात खपणाऱ्या दैनिकात पंधरा दिवसांची जाहीर नोटीस द्यावी. महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवण्याची तरतूद आहे, त्यामुळे तिचाही शोध घ्यावा.

पायरी ६: दोन मार्गांपैकी एक निवडा

पहिला मार्ग त्रिपक्षीय हक्क हस्तांतर करार. शेतकरी, तुम्ही आणि नवा घेणार, तिघांच्या सह्या. त्यात तीन गोष्टी ठळक हव्यात: तुमचे हक्क नव्या घेणाऱ्याकडे गेले, बाकी रक्कम देण्याची जबाबदारी त्याने घेतली, आणि शेतकऱ्याने तुम्हाला त्या जबाबदारीतून मोकळं केलं. खरेदीला अजून वेळ असेल तेव्हा हा मार्ग योग्य. साठेखत नोंदलेलं असेल तर हा करारही नोंदवा.

दुसरा मार्ग थेट खरेदीखत. शेतकरी लिहून देणार, नवा माणूस लिहून घेणार आणि तुम्ही मान्यता देणार. खरेदीची तारीख जवळ आली असेल तेव्हा हा सोपा, आणि तुमचं साठेखत त्याच दस्ताने पूर्ण होतं.

तिसरा एक मार्ग बाजारात सुचवला जातो: शेतकऱ्याकडून स्वतःच्या नावे कुलमुखत्यारपत्र घ्यायचं आणि परस्पर खरेदी करून द्यायची. तो टाळा. मोबदला घेऊन दिलेल्या अशा मुखत्यारपत्राला खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. शेतकऱ्याला अंधारात ठेवायलाही हाच कागद सर्रास वापरला जातो.

पायरी ७: पैशाचा हिशेब दस्तात मांडा

एक उदाहरण घेऊ. एक एकर, म्हणजे ४० गुंठे. साठेखतात दर ३ लाख रुपये गुंठा, एकूण १ कोटी २० लाख. विसार दिला १२ लाख. नव्या घेणाऱ्याशी ठरलं ३ लाख ४० हजार गुंठा, एकूण १ कोटी ३६ लाख. तर खरेदीखतात असं लिहा:

शेतकऱ्याला: मान्यता देणाऱ्याकडून आधी मिळालेले १२ लाख, नव्या घेणाऱ्याकडून आता १ कोटी ८ लाख.

मान्यता देणाऱ्याला: नव्या घेणाऱ्याकडून २८ लाख. त्यात विसाराची परतफेड १२ लाख, हक्क सोडल्याचा मोबदला १६ लाख.

नव्या घेणाऱ्याच्या खिशातून जाणारी एकूण रक्कम १ कोटी ३६ लाख. मुद्रांक या रकमेवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर.

दस्त १ कोटी २० लाखाचा आणि वरचे १६ लाख हातोहात, हा प्रकार सर्वांचंच नुकसान करतो. शासनाचं शुल्क बुडतं, नव्या घेणाऱ्याची खरेदी किंमत कागदावर कमी दिसल्याने पुढे विकताना त्याचा कर वाढतो, आणि तुमच्याकडे त्या १६ लाखांचा खुलासा उरत नाही.

पायरी ८: कर भरा

साठेखताचा हक्क ही मिळकतच आहे आणि तो सोडल्यावर मिळालेला पैसा करपात्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाने टाटा सर्व्हिसेसच्या प्रकरणात हे ठरवलं. कंपनीने ९०,००० रुपये विसार दिला होता, हक्क पुढे देऊन ५,९०,००० घेतले, आणि न्यायालयाने तो भांडवली नफा मानला.

हक्क २४ महिन्यांपर्यंतच तुमच्याकडे असेल तर नफा अल्पकालीन, त्यापेक्षा जास्त काळ असेल तर दीर्घकालीन. बहुतेक सौदे वर्षभरात उरकतात, म्हणून नफा तुमच्या नेहमीच्या कराच्या दराने धरला जातो. असे सौदे वारंवार केले तर आयकर खातं तो धंद्याचा नफा म्हणू शकतं.

शेतकऱ्यालाही सावध करा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन करमुक्त ग्रामीण जमीन ठरत नाही. नाशिक महापालिकेला हे मान लागू होतं. अशा जमिनीची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. मान्यता देणाऱ्याच्या रकमेवर काय लागेल ते सीएकडून आधी लिहून घ्या.

फ्लॅट असेल तर

बिल्डरकडून बुक केलेला फ्लॅट ताब्याआधी पुढे देताना करारातली मनाई आधी वाचा. महारेराच्या नमुना करारात, बिल्डरची सगळी देणी फिटेपर्यंत घेणाऱ्याने करारातला हितसंबंध दुसऱ्याला देऊ नये, अशी अट आहे. म्हणून थकबाकी भरा, बिल्डरचं आणि कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या, मग हस्तांतर करार करा. बिल्डरकडून घेतलेलं युनिट गुंतवणूकदाराने तीन वर्षांच्या आत पुढे दिलं, तर पहिल्या करारावर भरलेलं मुद्रांक शुल्क दुसऱ्यात वळतं होण्याची सवलत आहे. २०२२ पर्यंत ही मुदत एक वर्षाची होती.

स्वतःच्या नावे करार नसताना नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट कमिशनवर विकून देणं ही एजंटची कामगिरी आहे. त्याला महारेराची नोंदणी लागते, नसेल तर दिवसाला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसी भूखंडांना आणि सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या घरांना त्या त्या संस्थेची परवानगी आधी घ्या.

पायरी ९: मुदत सांभाळा आणि व्यवहार बंद करा

नवा घेणार मिळाला नाही तर? बाकी भरून खरेदी करण्याची तयारी ठेवा. करारपूर्तीचा दावा लावणाऱ्याला आपण पूर्ण वेळ पैसे द्यायला तयार होतो, हे सिद्ध करावं लागतं. ऐपत नसताना पाच-सहा जमिनी विसारावर अडकवून ठेवणाऱ्याला ते जमत नाही. दावा लावायची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षं.

खरेदी करायचीच नसेल तर वेळेत कळवा, रद्दलेख नोंदवून द्या आणि शेतकऱ्याची जमीन मोकळी करा. सूची क्रमांक दोनमध्ये तुमचं साठेखत अडकून राहिलं तर त्याला ती जमीन दुसऱ्या कुणाला देणं अवघड होतं. मुलीचं लग्न, कर्जाची फेड किंवा दवाखाना यासाठी ज्याने जमीन विकायला काढली, त्याचं एक वर्ष असं वाया घालवायचा अधिकार कुणालाच नाही.

व्यवहार पूर्ण झाला तर चार कागद एकत्र ठेवा: मूळ साठेखत, हस्तांतर करार किंवा खरेदीखत, बँकेच्या नोंदी आणि कर भरल्याची चलनं. नव्या मालकाचं नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत फेरफाराचा पाठपुरावा त्याच्यासोबत करा, कारण हरकत आली तर जबाब द्यायला मान्यता देणाऱ्यालाही बोलावलं जाऊ शकतं. शेतकऱ्याला ठरलेली किंमत वेळेवर मिळाली, घेणाऱ्याच्या नावे निर्वेध जमीन झाली आणि तुमचा फरक खात्यात, करासह दिसला, तर हा नफा तुम्ही कुणासमोरही मोकळेपणाने सांगू शकता.